लिएनचं माप

हुए, १९ ऑक्टोबर १९९७

मावशी,

पोचले. पोचून महिना होऊन गेला. रोज लिहायला बसत होते आणि लिहिण्यासारखं काही सापडत नव्हतं.

गेल्या वर्षी दानांगला इथली भाषा शिकताना आपल्या देशातले आम्ही अकरा जण एकत्र होतो. आता सगळ्यांना वेगवेगळ्या गावी पाठवलंय. इथल्या पशुवैद्यकाच्या कॉलेजात लाओसची मी एकटीच. वसतिगृहाच्या खोलीत आठ खाटा आहेत, माझी दाराजवळची. पाऊस असतो. थांबतो तेव्हाही भिंती ओल्या असतात. कपडे वाळत नाहीत, तसेच घालते.

मुली खोलीतच रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करतात. चटई टाकून सगळ्या गोल बसतात. माझ्या समोरच्या खाटेवर तुयेत नावाची मुलगी आहे. ती भाताच्या भांड्यापाशी बसते आणि सगळ्यांना वाढते. माझ्या वाडग्यात न विचारता मासा टाकते. मी काय खायचं ते तीच ठरवते. वर मोठ्याने म्हणते, "खा! बघत काय बसलीस?" मला भिकारणीसारखं वाटतं. म्हणजे, वाटायला हवं. आता मी वाडगा घेऊन जिन्यावर जाते. तिथे कोणी नसतं.

निघताना तू मनगटाला बांधलेला दोरा आंघोळीत गळून पडला. कधी ते कळलं नाही.

मी आजारी नाही. झोप खूप येते.

नोय

•

फिन, १० नोव्हेंबर १९९७

नोय,

थोंगदाम ट्रक थांबवून तुझं पत्र देऊन गेला तेव्हा मी मागावर विणत बसले होते. दोनदा वाचलं. त्यात पाऊस आहे, भिंती आहेत, खाटा आहेत. तू कुठे आहेस?

आणि जिन्यावर! आपलं काय ठरलं होतं? ज्या दिवशी सोबत जेवायला कोणी नसेल त्या दिवशी परत यायचं. शिक्षण गेलं खड्ड्यात. एकटं जेवणारं माणूस अर्धं भूत होतं असं तुझी आजी म्हणायची, आणि भुतांच्या बाबतीत ती कधी चुकली नाही. माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात, बाई. तुझ्यातले निम्मे वाटेतच उतरलेले दिसतात. सरहद्दीवर लाओ बाओच्या नाक्यावर चहा पीत बसले असतील.

खरं काय ते सांग. तिथे तुझं कोणी आहे का? नसेल तर मी थोंगदामच्या ट्रकमधून येते आणि तुला घेऊन जाते. नऊ नंबरचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि माझा गुडघा तुला माहीत आहे, पण गुडघ्याला मी विचारणार नाही. तुझे बाबा गेल्यावर तुला वाढवलं ते काय जिन्यावर बसवायला? चार ओळी लिही. पाऊस नको.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या फेंगबाईच्या बदकांनी माझी कोथिंबीर पुन्हा साफ केली. मी तिच्याशी बोलत नाही. तीही बोलत नाही. बदकं तेवढी येऊन जातात.

मावशी

•

हुए, ३० नोव्हेंबर १९९७

मावशी,

येऊ नकोस. मला सोबत आहे. तिचं नाव लिएन. वरच्या मजल्यावर राहते. आम्ही रोज एकत्र जेवतो. ती हळू बोलते. कधी चिडत नाही. स्वच्छ राहते, अभ्यासात मदत करते. तिला आपला चिकट भात आवडतो. चांगली मुलगी आहे.

तुयेत मात्र तशीच. परवा मी भिजून खोलीत आले तर तिने मागून आपला टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागली. डोकं, मावशी. आपल्याकडे विचारल्याशिवाय कोणी हात लावेल का? मी टॉवेल काढून तिच्या खाटेवर ठेवला. "महाराणी!" असं म्हणून ती पाय आपटत गेली. रात्री घोरते. तिच्या घरी बदकांचा धंदा आहे. सुट्टीत बाजारच्या टोपल्या तीच वाहते म्हणे. तिच्या पिशवीतून पिसं निघतात, माझ्या पुस्तकांत येऊन बसतात. स्टोव्हच्या वरची, कपडे लवकर वाळतात ती दोरी तिने अडवून ठेवली होती. आता तिथे माझे कपडे असतात, ते कोण टाकतं कळत नाही.

वर्गात रेड्याचा पाय बधिर करायला शिकवलं. सुई दिल्यावर थोडं थांबायचं. मग टाचणीने टोचत टोचत त्या जागेपासून बाहेर सरकायचं. जिथे तो पाय झटकतो तिथे बधिरपणाची हद्द संपली असं समजायचं. आमचा रेडा बराच वेळ झटकला नाही. मी टोचत राहिले. तो भिंतीकडे बघत होता.

नोय

•

फिन, २४ डिसेंबर १९९७

नोय,

बरं झालं. लिएन फारच गुणी दिसते. घोरते का? ते लिहिलं नाहीस.

माझ्या पोरीला जेवायला सोबत करते म्हणजे तिला काहीतरी द्यायला हवं. तिच्यासाठी नेसायला एक सिन विणायला घेते. निळा, काठाला पिवळी नक्षी. कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप पाठव, कमरेचं पाठव, आणि अंगाने कशी आहे ते लिही. आपला सिन नेसवताना हसायची नाही ना? हसली तर हसू दे.

त्या तुयेतचं काय करावं? परक्या मुलीच्या डोक्याला हात! आईने काही शिकवलेलं दिसत नाही. तिच्यावर मात्र तू दीड पान लिहिलंस. लिएनला सहा ओळी.

थंडी आहे. मी रोज शेकोटी करते, आळीतल्या बायका येऊन बसतात, हसणं खिदळणं चालतं. माझी काळजी करू नकोस.

मावशी

•

हुए, १२ जानेवारी १९९८

मावशी,

लिएन घोरत नाही.

माप द्यायला ती लाजते, म्हणून नजरेनेच घेतलं. कमरेपासून घोट्यापर्यंत माझ्यापेक्षा चार बोटं जास्त धर. कमर माझ्याएवढीच, पण खाली रुंद आहे. टोपल्या वाहून खांदे पुरुषासारखे झालेत. चालताना डावा पाय थोडा बाहेर टाकते, तेव्हा घेर जास्त ठेव, नाहीतर पायात अडकेल. निळा रंग तिला चालेल. सावळी आहे.

महिनाअखेरीला इथलं नवं वर्ष. सगळ्या घरी जातील. मी लिएनच्या घरी जाणार आहे.

नोय

•

हुए, ३० जानेवारी १९९८
(हे पत्र पाठवलं नाही)

मावशी,

लिएन नाही. म्हणजे वरच्या मजल्यावर त्या नावाची कोणी असेलही, हे नाव इथे घरोघर असतं. मी बघायला गेले नाही. तू गुडघा घेऊन ट्रकमध्ये बसली असतीस. तुला थांबवायला एक मुलगी हवी होती. ती करायला काही कष्ट पडले नाहीत.

तू विचारशील, मग परत का आली नाहीस? परत यायलाही काहीतरी वाटावं लागतं. सामान बांधावंसं वाटावं लागतं. इथे राहावंसंही वाटत नाही, पण राहायला काही करावं लागत नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी तुयेत म्हणाली, "घरी चल माझ्या. आई सणाला पानात भाताची वळी बांधते, हात कमी पडतात." तिला कामाला बाई हवी असेल. नको म्हटलं. तिने विचारलं, "मग कुठे जाणार?" मी म्हटलं, "मैत्रिणीकडे." ती पिशवी उचलून गेली.

वसतिगृह रिकामं आहे. रखवालदाराने त्याच्या घरचं एक वळं आणून दिलं. मी जिन्यावर बसून खाल्लं. सगळा जिना मोकळा होता, तरी मी माझ्या नेहमीच्याच पायरीवर बसले. रडू येईल असं वाटलं होतं. वाट पाहिली. आलं नाही.

•

हुए, ३० जानेवारी १९९८

मावशी,

नवं वर्ष लिएनच्या घरी झालं. पानात बांधलेल्या भाताची वळी होती. तिच्या घरचे चांगले आहेत.

नोय

•

फिन, २० मार्च १९९८

नोय,

तीन ओळींत सणवार आटोपलास. माणसं किती, घर कसलं, कोण दारू पिऊन पडलं, कोणाचं कोणाशी वाजलं, काही नाही. असला कसला सण?

आता नीट ऐक. थोंगदामच्या हाती पुडकं पाठवतेय. त्यात सिन आहे आणि एक पांढरा दोरा. आपल्या नव्या वर्षाला, तेरा एप्रिलला सकाळी, मी तुझे जीव परत बोलवणार आहे. तू नाहीस तर तुझा शाळेचा ब्लाउज ताटात ठेवीन. बुवांना सांगून ठेवलंय. त्याच वेळी तिकडे लिएनने तुझ्या मनगटाला दोरा बांधायचा. हातात उकडलेलं अंडं धर. काय बोलायचं ते तिचं तिने बोलावं, भाषा कुठलीही चालेल. जीव काही भाषा विचारून येत नाहीत.

स्वतःचा स्वतः बांधायचा नाही. बांधता येतही नाही, मी करून पाहिलंय.

बांधून झाल्यावर मला कळव. कळवलं नाहीस तर सण संपल्यावर थोंगदामच्या शेजारी बसून मी निघते. त्याला जागा ठेवायला सांगितलंय. मग तुझं सामान बांधायचं आणि घरी यायचं, त्यात लिएनही मध्ये पडायची नाही. पाच वर्षांचं कॉलेज काय आणि डॉक्टरीण काय, मला पोर सबंध हवी.

मावशी

•

हुए, १६ एप्रिल १९९८

मावशी,

लिएन नाही. कधीच नव्हती. तू येऊ नयेस म्हणून मी तिला मनाने रचलं. नव्या वर्षाला मी कोणाकडे गेले नव्हते. आता लिहिते ते खरं आहे.

तेरा तारखेला सकाळी खानावळीतून अंडं आणलं. मुली वर्गाला जायच्या गडबडीत होत्या. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. उजव्या हातात अंडं धरलं, मनगटावर दोरा टाकला, एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. गाठ बसेना. ओढला की निसटायचा. असं किती वेळा केलं माहीत नाही. शेवटी अंडं हातातून घरंगळलं आणि तुयेतच्या खाटेखाली गेलं.

ती दात घासत होती. वाकून अंडं काढलं, बाहेर जाऊन चूळ भरून आली.

"काय चाललंय? कोंबडी बांधतेयस?"

"काही नाही."

"दातात दोरा आणि म्हणे काही नाही."

मी सांगितलं, आमच्याकडे आज नवं वर्ष. असा दोरा बांधतात. दुसऱ्याने बांधायचा असतो.

"मग बांधेल की दुसरी. तुझी ती मैत्रीण कुठेय?"

"कोणी नाही."

तुयेत खोलीभर फिरली. "ऐकलंत का गं? खोलीत सात घोड्या उभ्या आहेत आणि ही म्हणते कोणी नाही." मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी जवळ की तिच्या तोंडाचा पेस्टचा वास येत होता. "सहा महिने मी माशाच्या पोटाकडचा तुकडा तुझ्या वाडग्यात टाकते. पोटाकडचा! ह्या सगळ्या माझ्यावर टपून असतात त्यासाठी. आणि तू उठून जिन्यावर. जसं काही मी कुत्र्यापुढे हाड टाकलं."

"आमच्याकडे ज्याचं त्याने घ्यायचं असतं," मी म्हटलं. "मधल्या ताटातून. आपल्या हाताने."

"ज्याचं त्याने?" तिला खरंच कळलं नाही. "मग तुझ्यासाठी कोण काढतं?"

मावशी, आपल्याकडे कोण काढतं?

तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. अंडं पुन्हा हातात ठेवलं. दोरा दोनदा गुंडाळला आणि गाठ मारली. "ही बदकाच्या पायाची गाठ. बाजारापर्यंत सुटत नाही. आता? काय म्हणायचं असतं?"

"जीव परत बोलवायचे. अंगात बत्तीस असतात."

"बत्तीस! आणि गेलेत कुठे?"

"माहीत नाही."

"माझी बदकं निदान शेतात असतात एवढं तरी मला माहीत असतं," ती म्हणाली. मग थोडा विचार केला, माझं मनगट घट्ट धरलं आणि संध्याकाळी बदकांना घरी बोलावतात तशी हाक मारायला लागली. खोलीत, मावशी. शेताच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "वित, वित, वित! या गं या! अंधार पडला! सगळ्या या! मागे कोण राहिली? ए लंगडे, तूसुद्धा ये, तुला टाकून नाही जात कोणी! वित, वित!"

मुली हसून हसून खाटांवर पडल्या. खालून रखवालदार ओरडला. ती थांबली नाही. बत्तीस पुरे होईपर्यंत हाका मारायच्या असं तिच्या डोक्यात बसलं असावं. मी हसले नाही. जीव परत आले असंही काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू?

"अंड्याचं काय करतात?"

"खातात."

तिने सोललं. पांढरं आपण घेतलं आणि पिवळा बलक माझ्या वाडग्यात टाकला. मी तो तिथेच बसून खाल्ला.

मग मी पुडक्यातून सिन काढून तिला दिला. "कोणाचा?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझाच." नेसवला. कुठे आत घ्यावा लागला नाही, कुठे सोडावा लागला नाही. ती डावा पाय बाहेर टाकत खोलीत फेऱ्या मारत होती, पायात अडकला नाही. मुली म्हणाल्या, "महाराणी!" तिने मला विचारलं, "माझं माप कधी घेतलंस?"

टॉवेलचंही तिला सांगितलं, की आमच्याकडे विचारल्याशिवाय डोक्याला हात लावत नाहीत. ती म्हणाली, "न्यूमोनिया झाला असता तर तुझे ते बत्तीस घेऊन मी काय करणार होते?"

दोरा फार घट्ट आहे. मनगटावर वळ उठलाय. लिहिताना टोचतो. दुखतंय, मावशी. रेड्याने पाय झटकला की सर म्हणतात, इथून पुढे त्याला कळतंय असं लिहा.

आता आम्ही जेवायला बसतो. मी चटईवर असते. मासा अजूनही मला आवडत नाही.

ट्रकमध्ये जागा ठेवली असेल तर ये. पण न्यायला येऊ नकोस.

नोय

•

फिन, ३ मे १९९८

नोय,

लिएन नाही हे मला तिच्याबद्दलच्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. जी हळू बोलते, चिडत नाही, कोणाच्या वाटेत येत नाही, अशी मुलगी फक्त देवळाच्या भिंतीवर असते, रंगाने काढलेली. मग माप आलं आणि मापात टोपल्या आल्या. टोपल्या कोण वाहतं ते तूच लिहिलं होतंस. सिन मी तुयेतच्याच अंगाने विणला. दोराही तिच्याच भरवशावर पाठवला. ती बांधेलच याची खात्री नव्हती. म्हणून थोंगदामच्या शेजारची जागा खरोखरच ठेवली होती.

कोण काढतं, विचारतेस? तू लहान असताना आपण दोघी एका ताटात जेवायचो. माशाचं पोट नेहमी तुझ्या बाजूला यायचं. तुला काय वाटलं, मासा आपणहून वळतो? मी ताट फिरवून ठेवायचे. तू आपल्या हाताने घ्यायचीस आणि म्हणायचीस, मी माझं घेतलं. आपल्याकडे असं काढतात. तुझी तुयेत उघड करते, एवढंच.

एक गोष्ट तू कधी विचारली नाहीस. मी कोणाबरोबर जेवते.

शेकोटीला कोणी येत नव्हतं. तरणी माणसं सगळी कामाला गेलीत नदीपलीकडे. तू गेल्यापासून भाताची टोपली घेऊन मी मागासमोर बसायचे आणि मागाशी बोलायचे. माग ऐकून घेतो. तेरा तारखेला बुवा आले, मंत्र म्हणून गेले, त्यांना आणखी चार घरं करायची होती. ताटात तुझा ब्लाउज आणि समोर मी. एकटीने हाका मारून कोण परत येणार? मग उठले, कुंपणापाशी गेले आणि फेंगबाईला हाक मारली.

ती तिकडून म्हणाली, "बदकांचं असेल तर मी मेले असं समजा."

मी म्हटलं, "बदकांचं नाही. नोयचं आहे."

ती हात धुऊन आली. तुझ्या ब्लाउजच्या बाहीला दोरा बांधला, माझ्या मनगटाला बांधला, आणि जेवायला बसली. फार बोलते. तोंडात घास असतानाही बोलते. आता रोज येते, आणि मागोमाग तिची बदकं. कोथिंबीर लावणं मी सोडून दिलंय.

दोरा सैल करू नकोस. कात्री तर मुळीच लावू नकोस. सुटायचा तेव्हा आपला आपण सुटेल. तोवर दुखू दे.

पाकिटात आणखी एक दोरा आहे. तो तुझ्यासाठी नाही, तू तुयेतला बांधायचा आहे.

मावशी